भिंतीतून तांब्या निघाला तर

मातीची जुनी भिंत उतरवताना कुदळ एका जागी पोकळ वाजते, दोन विटा निखळतात आणि मागे हिरवट पडलेला तांब्या दिसतो. पुढची दहा मिनिटं बहुतेक ठिकाणी सारखीच जातात. कुणीतरी तांब्या उपडा करतो. नाणी मोजली जातात, चकाकणारी एका बाजूला, काळी दुसऱ्या बाजूला. दोन-चार कुणाच्या तरी खिशात जातात. रात्री घरात चिंच भिजत पडते. या दहा मिनिटांत जे हातचं जातं ते नंतर कुठलाही तज्ज्ञ परत देऊ शकत नाही. घरच्यांचा त्या ठेवीवरचा कायदेशीर हक्कही बरेचदा इथंच निसटतो, आणि तोसुद्धा ज्या नाण्याला कुणी किंमत देत नाही अशा एखाद्या नाण्यापायी. त्या नाण्यापर्यंत येऊच. आधी जागेचं बघू.

वाड्यात ठेव सापडण्याच्या जागा ठरावीक असतात. देवघराच्या भिंतीतली बुजवलेली देवळी, उंबऱ्याखालची माती, जात्याच्या आसपासची जमीन, चुलीमागची भिंत, बळदाचा, म्हणजे धान्याच्या कोठाराचा, तळ, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथली पोकळी. रोज नजरेखाली राहील आणि परक्याला तिथं रेंगाळायला निमित्त मिळणार नाही, अशी जागा लोक निवडत. म्हणून वाडा पाडायला देताना या सहा जागा ठेकेदाराला आधी दाखवून ठेवाव्यात. तिथं यंत्र लावायचं नाही, थापी आणि खुरप्यानं उतरवायचं, हे करारातच लिहावं.

पण निघालेली प्रत्येक वस्तू ही लपवलेली ठेव नसते. घराच्या आग्नेय कोपऱ्यात, जोत्याच्या पातळीला, छोट्या पेटीत किंवा मातीच्या बोळक्यात पत्र्याची माणसाच्या आकाराची लहानशी प्रतिमा आणि सोबत धान्याचे काळे पडलेले दाणे मिळाले, तर ती वास्तुशांतीत पुरलेली वास्तुप्रतिमा. पायाच्या दगडाखाली किंवा उंबऱ्याखाली एखादंच नाणं, सुपारीचा तुकडा आणि हळदीचा डाग मिळाला तर तो पायाभरणीचा विधी. तिथं आजूबाजूला आणखी खणत बसू नये, खाली हंडा नसतो. मात्र ते एकटं नाणं वाड्याचं वय सांगतं. त्यावरच्या सालाच्या आधी तो पाया भरलेला असूच शकत नाही.

आता तांब्या दिसला आहे असं धरून चालू. पहिलं काम म्हणजे हात आत न घालणं. जुन्या दगडमातीच्या भिंतीत नाग, फुरसं, विंचू खरोखरच असतात. धनावर नाग बसतो ही समजूत उगाच आलेली नाही. बळदात धान्य, धान्याला उंदीर, उंदरांमागे साप, आणि ठेवही त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात. बॅटरी मारून काठीनं चाचपा. भिंतीचा वरचा भाग लटकत असेल तर आधी टेकू द्या. पोकळी झालेली भिंत कधीही बसते.

मग फोटो. एक लांबून, पूर्ण भिंत आणि दरवाजा दिसेल असा. एक मधल्या अंतरावरून. दोन-तीन जवळून, शेजारी पट्टी किंवा चालू दहा रुपयांचं नाणं ठेवून. जमिनीपासूनची उंची आणि दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर टेपनं मोजा. वहीच्या पानावर तारीख, वेळ, हजर माणसांची नावं आणि भांडं कुणाच्या हाताला लागलं ते लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मजुरांच्याही. ही सही नंतर सगळ्यात जास्त उपयोगाला येते, कारण ठेवीची बातमी बाहेर फुटते ती जवळजवळ नेहमी वाटणीच्या भांडणातून.

भांडं धातूचं आणि धड असेल तर खालून आधार देऊन, तोंड वर ठेवून उचला. तांब्याचे आणि पितळेचे जुने तळ कागदासारखे झालेले असतात. काठाला धरून उचललं की तळ जागेवरच राहतो आणि नाणी खाली. मातीचं मडकं असेल तर आणखी जपून. मडक्याच्या भोवती चार बोटं माती राखून बाजूनं खणत या. मडकं आणि माती मिळून जो गड्डा उभा राहील त्याला औषधाच्या दुकानात मिळणारं क्रेप बँडेज वरून खालपर्यंत घट्ट गुंडाळा, मग खालून पत्रा सरकवून सगळा गड्डा एकत्र उचला. चार इंची बँडेजचे तीन रोल मध्यम मडक्याला पुरतात. उन्हात ठेवू नका. आतली ओली माती आक्रसते, चिरते, आणि नाण्यांना चिकटलेलं कापड सुटून येतं. कापड असतंच. ठेव बहुधा पुरचुंडीत बांधून मग भांड्यात घातलेली असते, आणि तांब्याच्या क्षारांपुढे सूक्ष्मजीवांचं काही चालत नसल्यानं नाण्याला लागलेलं कापड पिढ्यानुपिढ्या टिकतं. हिरव्या नाण्यावर जाळीसारखी नक्षी दिसली तर ती नक्षी नसते, विणीचा ठसा असतो. तो घासू नका.

भांडं रिकामं करायचं ते घाईत नाही. खरं तर हे काम पंचनाम्याच्या वेळी किंवा पुरातत्त्व खात्याच्या माणसासमोर झालं तर उत्तम. पण भांडं फुटलंच असेल आणि नाणी हाती आलीच असतील तर दिवसाउजेडी पांढऱ्या चादरीवर, थराथरानं काढा. वरच्या चार बोटांची एक पिशवी, मधल्याची दुसरी, तळाची तिसरी. प्रत्येक पिशवीवर क्रमांक. वर्षानुवर्षं थोडं थोडं टाकत भरलेल्या भांड्यात जुनी नाणी तळाला आणि नवी वर असतात. एका रात्रीत घाबरून पुरलेल्या भांड्यात सगळं मिसळलेलं असतं. ती ठेव म्हणजे सवडीची शिल्लक होती की संकटातली धावपळ, हे या थरांवरून कळतं, आणि भांडं एकदा उपडं केलं की कधीच कळत नाही.

आता ते महत्त्वाचं नाणं. ठेवीचं वय तिच्यातल्या सर्वात जुन्या नाण्यावरून धरायचं नसतं, सर्वात नव्या नाण्यावरून धरायचं. शंभर नाणी शिवशाहीतली आणि एकच नाणं पंचम जॉर्जचं असलं तर ती ठेव पंचम जॉर्जच्या काळातली. लोक नेमकं उलट करतात, जुनं नाणं डोक्यावर घेतात आणि नवं म्हणजे साधं म्हणून मुलांना खेळायला देतात.

ब्रिटिश रुपयांच्या ठेवी आपल्याकडे सर्वात जास्त निघतात, म्हणून त्यांचं थोडं सविस्तर. कंपनी सरकारचा एकसारखा रुपया १८३५ पासून, विल्यमच्या मुखवट्याचा. मग व्हिक्टोरिया: १८४० सालचा, पुढे १८६२ पासून ‘व्हिक्टोरिया क्वीन’, १८७७ पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. मग एडवर्ड १९०३ ते १९१०, पंचम जॉर्ज १९११ पासून. वजन सगळ्यांचं ११.६६ ग्रॅम, चांदी शंभरात ९१.७. इथं एक चकवा आहे. १८४० साल घातलेले रुपये १८६२ पर्यंत तेच साल ठेवून पाडले जात होते, आणि १८६२ सालाचे रुपये पुढे १८७४ पर्यंत. म्हणजे ‘१८६२’ वाचून बाराएक वर्षांची चूक सहज होते.

१९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन तेच राहिलं. हा सहाव्या जॉर्जचा रुपया मातीत राणीछापापेक्षा, म्हणजे व्हिक्टोरियाच्या रुपयापेक्षा, लवकर काळपट पडतो, तांबूस दिसतो, खणखणीत वाजत नाही. सोनार त्याला बाजूला सारतो, घरचे त्याला खोटा समजतात. पण ठेवीत असा एक रुपया असला तर ती ठेव १९४० नंतर ठेवलेली आहे याचा तो पुरावा असतो. आणि कायदा इथंच त्या काळ्या नाण्याशी जोडला जातो.

भारतीय निखात निधी अधिनियम, म्हणजे ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट, १८७८ सालचा. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, अशी त्यात व्याख्या आहे. ‘जमिनीला जोडलेल्या’मध्ये भिंत येते. त्यामुळे ‘माझ्या घराच्या भिंतीत मिळालं, शेतात नाही’ हा बचाव चालत नाही. किंमत दहा रुपयांवर गेली की शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि निधी सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा मागितला तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या मधली तारीख देतात. त्या तारखेला हजर राहिलं नाही तर हक्क जातो.

आता कलम ८ नीट वाचा. सापडल्याच्या तारखेपासून मागच्या शंभर वर्षांच्या आत ती ठेव दावा करणाऱ्यानं किंवा त्याच्या पूर्वजानं ठेवली होती असं मानायला जागा असेल, तर दिवाणी न्यायालयात मालकी सिद्ध करायला त्याला मुदत मिळते. सिद्ध झाली तर ती आजोबांची ठेव, घरच्यांची. नाही झाली तर निधी बेवारस ठरतो. मग ज्याला सापडला त्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश, दोघांत आधी वेगळा करार नसेल तर. सरकार हवं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन निधी स्वतः घेऊ शकतं.

म्हणजे १९४० चा तो मळकट रुपया भांड्यात होता, थराच्या नोंदीत आहे, फोटोत दिसतो, तर शंभर वर्षांची अट तिथंच पुरी होते. पुढे ती ठेव पूर्वजांचीच हे मात्र वेगळं सिद्ध करावं लागतं, त्याला वाड्याची खरेदीखतं, सिटी सर्व्हेचे उतारे, जुने हिशेब लागतात. आणि तोच रुपया ‘खोटा’ म्हणून फेकला, बाकी सगळे राणीछाप हजर केले, तर कागदावर ती ठेव एकोणिसाव्या शतकातली होते आणि घरच्यांची बाजू लंगडी पडते. म्हणून भांड्यातलं सर्वात नवं, सर्वात कमी झिजलेलं, बहुधा सर्वात कुरूप दिसणारं नाणं आधी वेगळ्या पिशवीत, स्वतंत्र फोटोसह ठेवा.

न कळवण्याची शिक्षाही लक्षात असू द्या. सापडणाऱ्यानं लपवलं तर त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालकानं त्यात साथ दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. अर्ज साधा असतो:

प्रति, मा. जिल्हाधिकारी, जिल्हा अमुक.
विषय: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८, कलम ४ अन्वये सूचना.
महोदय, दिनांक अमुक रोजी सकाळी अमुक वाजता, मौजे अमुक, सिटी सर्व्हे क्रमांक अमुक येथील माझ्या मालकीच्या घराची पूर्वेकडील भिंत उतरवत असताना, जमिनीपासून चार फूट उंचीवर, तांब्याच्या भांड्यात चांदीची १४२ व तांब्याची ३१ नाणी मिळाली. एकूण वजन अमुक ग्रॅम, अंदाजे किंमत अमुक. भांडे प्रथम श्री. अमुक यांच्या हाती लागले. यादी, छायाचित्रे व उपस्थितांच्या सह्यांचा कागद सोबत जोडला आहे. निधी कोषागारात जमा करण्याबाबत आदेश व्हावेत.

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तलाठ्याला तोंडी सांगणं म्हणजे सूचना नव्हे. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला द्या. ‘ज्याच्या हाती लागलं’ त्या रकान्यात मजुराचं नाव प्रामाणिकपणे लिहा. तीन चतुर्थांशाचा नियम त्याच्यासाठीही आहे. ज्यानं घाम गाळून भिंत उतरवली त्याला कागदातून गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

माळ्यावरच्या ट्रंकेतलं किंवा कपाटातलं जुनं सोनं-नाणं मात्र या कायद्यात बसत नाही असं माझं वाचन आहे, कारण ट्रंक जमिनीला जोडलेली नाही. तिथं प्रश्न वारसांमधल्या वाटणीचा. दुसरा कायदा आहे १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, भांडी ही पुरावस्तू. हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं की तेही. खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाला आठवण म्हणून दोन शिवराया देणं हा गुन्हा होऊ शकतो, हे अमेरिकेतल्या आणि दुबईतल्या आपल्या मंडळींना माहीत नसतं.

नाणी ओळखण्याबद्दल मोजकं सांगतो. तांब्याचं जाड, ओबडधोबड नाणं, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असेल तर ती शिवराई. पण शिवराई महाराजांच्या नंतरही फार काळ पाडली गेली. ‘छत्र’ आणि ‘पति’च्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पेशवाईच्या काळातली. चांदीचा जाड, अरुंद रुपया, अर्धवट उमटलेला फारसी मजकूर, म्हणून तो ‘मोगलांचा खजिना’ ठरत नाही. मराठ्यांच्या टांकसाळी बादशहाच्याच नावानं रुपया पाडत. त्यावर अंकुशाची खूण दिसली तर तो अंकुशी रुपया. जड, करड्या रंगाचं, हत्ती किंवा चार वर्तुळांच्या फुलीचं शिशाचं नाणं असेल तर सातवाहन काळ. शिसं हाताळून झालं की हात साबणानं धुवा, आणि ते लाकडी डबीत ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत नाणं पीठ होतं.

चांदीचे ब्रिटिश रुपये खरे की बनावट हे घरी ताडता येतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो, ऑनलाइन सहज मिळतो. काट्यावर पाण्याचा प्लास्टिकचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं धरा. दिसणारा आकडा म्हणजे नाण्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. खऱ्या राणीछापाला १.१३ च्या आसपास येतो, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२, आणि पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या बनावटीला १.३५ च्या जवळ. हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा चुकतो, म्हणून नाणं पाण्यात हलकं हलवून घ्या. नंतर सुती कापडानं टिपा, पुसू नका. ही चाचणी फक्त स्वच्छ, धड चांदीच्या नाण्यांवर करायची. हिरवं पडलेलं तांबं किंवा कापडाचा ठसा असलेलं नाणं पाण्यात घालू नका. चुंबक लावून बघाच. चांदी, सोनं, तांबं चिकटत नाही. १९४७ चा रुपया चिकटतो, पण तो खोटा नव्हे, तो निकेलचा आहे.

साफसफाईबद्दल माझं मत ठाम आहे: करू नका. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, यातलं काहीही नाही. जमिनीत राहिलेल्या तांब्याच्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग बरेचदा त्या हिरव्या थराच्या आतच शिल्लक असतो, धातूवर नाही. आम्लानं तो थर काढला की अक्षरंच निघून जातात आणि खाली खड्डे पडलेला लालसर पत्रा उरतो. सुटी माती तेवढी मऊ केसांच्या रंगाच्या ब्रशनं, कोरडीच, झटका.

तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा रंग दोन प्रकारचा असतो, तो फरक ओळखता आला पाहिजे. गडद, कडक, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी. फिकट हिरवे, खडूसारखे भुसभुशीत ठिपके, काडी लावली की भुकटी होणारे, हा रोग. मातीतल्या मिठाचा क्लोराइड धातूत शिरलेला असतो आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याची क्रिया चालू राहते. कोकणात पावसाळ्यात असं नाणं काही आठवड्यांत फुलतं. ते लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि कोरडं ठेवा. झाकण घट्ट बसणाऱ्या एक लिटरच्या डब्यात पन्नास ग्रॅम सिलिका जेल टाका. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. कायमचा इलाज प्रयोगशाळेतच होतो.

ठेवताना नाणी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. नव्या रेनकोटसारखा वास येणारे मऊ प्लास्टिकचे नाणे-अल्बमही टाळा. ते पीव्हीसी असतं, काही वर्षांत त्यातून चिकट आम्लयुक्त द्रव सुटतो आणि नाण्यावर हिरवा लेप बसतो. पॉलिप्रॉपिलीनचे कडक, वास नसलेले पाऊच चालतात.

शेतात आणि पांढरीत मिळणाऱ्या वस्तूंचं गणित निराळं. जुन्या गावठाणाच्या टेकाडाची माती पांढरी, भुसभुशीत असते. माळवदावर घालायला आणि शेतात टाकायला गाड्याच्या गाड्या नेली जाते, आणि तिच्यातून मणी, शिशाची नाणी, खापरं निघतात. पहिल्या जोरदार पावसानंतर माती धुऊन गेली की ती आपोआप वर येतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात मिळणाऱ्या अशाच वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, त्यातून तिथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. दायमाबादचे ते प्रसिद्ध काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना मिळाले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यातली ९ हजारांहून अधिक सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा ठसा मारून चालवली होती. सातकर्णीनं नहपानाचं राज्य घेतलं हे त्या ठशांतून इतकं स्पष्ट कळलं, कारण एवढा मोठा साठा एकत्र तपासला गेला. दहा घरांत वाटून वितळवला असता तर आज आपल्याकडे फक्त एक दंतकथा असती.

संरक्षित किल्ल्यावर किंवा टेकाडावर मात्र स्वतः खणू नका, मेटल डिटेक्टर तर नाहीच. गडाच्या परिसरात वात घालायचं भोक असलेला पोकळ लोखंडी गोळा मिळाला तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवा. आत दारू असू शकते.

ट्रंकेत मोडी कागदांचं रुमाल बांधलेलं दप्तर निघालं तर गुंडाळ्या जबरदस्तीनं उलगडू नका, कागद घडीवरच तुटतो. कसर किंवा वाळवी दिसली तर दप्तर दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करा, फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव कागदावर बसतं. लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीच नाही. तारीख वाचायची एक युक्ती: पेशवाईतल्या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्यानं कागद जून १७७१ ते जून १७७२ मधला. त्याच कागदावर शके १६९३ असेल तर ७८ मिळवून पुन्हा १७७१ येतो. साठ वर्षांच्या चक्रातल्या संवत्सराचं नावही पडताळा. शकात १२ मिळवून ६० नं भागा, १७०५ भागिले ६०, बाकी २५, पंचविसावा संवत्सर खर. तिन्ही जुळले नाहीत तर कागद नंतर कुणीतरी बनवलेला असू शकतो. वाचून घ्यायला पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुणे पुरालेखागार आहेतच.

ठेव मिळाल्याची बातमी पसरली की दोन प्रकारची माणसं येतात. एक, ‘अजून हंडे आहेत, विधी करावा लागेल’ म्हणणारी. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. अशा माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. दुसरी, ‘जुनी नाणी लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणारी. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर इशारा दिला होता की तिच्या नावानं जुन्या नोटा-नाण्यांवर फी मागणारे फसवे आहेत. झिजलेली शिवराई मोलाची आहे, पण घर बांधून देईल इतकी नाही.

आणि पोकळी बुजवण्याआधी तिच्यातली आणि खाली पडलेली सगळी माती रव्याच्या नव्हे, गव्हाच्या चाळणीतून, दोन-तीन मिलिमीटर भोकाच्या, कोरडीच चाळून घ्या. चवली, म्हणजे दोन आण्यांचं चांदीचं नाणं, जेमतेम पंधरा मिलिमीटरची, दीड ग्रॅमसुद्धा नाही. मातीच्या ढेकळात ती बोटाला लागत नाही, आणि तिच्यावरचं साल कदाचित सर्वात नवं असतं.